कॉर्ड बदलली तरी सूर धरून ठेवा

फिरोदिया करंडकाच्या (पुण्यातली आंतरमहाविद्यालयीन कलास्पर्धा) तालमींत गिटारवर नवी चाल बांधताय? मग प्रत्येक कॉर्डला (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) नवा सूर शोधू नका, आधी सामाईक सूर बघा. सी, ए मायनर, एफ, जी घ्या. सी म्हणजे सा धरला, तर पहिल्या तिन्ही कॉर्डमध्ये सा आहेच: सीमध्ये तो मूळ सूर, ए मायनरमध्ये मूळ सुरापासून तिसरा, एफमध्ये पाचवा. सर्वांत बारीक तारेपासून मोजून दुसऱ्या तारेचा पहिला फ्रेट (गिटारच्या दांड्यावरचा पहिला घर) दाबून तो वाजवत राहा. सूर तोच, पण रंग दर वेळी बदलतो, आणि ते ऐकायला फार गोड लागतं! जी येताच बोट उचला, मोकळ्या तारेवर शुद्ध नी मिळतो. मधल्या जागा रे-गने भरा. मात्र कॉर्ड बदलते त्या मात्रेवर शक्यतो कॉर्डमधलाच सूर हवा. शब्द नंतर बसवा.