कॅमेऱ्यात पाणी शिरत होते ते तारेच्या वाटेने

फाटकावर लावलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर आतून दव धरू लागले, तेव्हा कॅमेराच कच्चा आहे असे समजून मी त्याला काचेचे वेगळे आवरण बसवले. त्याने अडचण वाढली. रात्री कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आवरणाच्या काचेवर आपटून परत भिंगात येई आणि चित्र पांढरेफटक दिसे. ज्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड दिवे अंगचेच असतात, त्याच्यासमोर आणखी एक काच आणू नये, हे मला तेव्हा कळले.

कॅमेऱ्यावर आयपी ६६ असे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचे मानांकन होते. त्यातला पहिला ६ धुळीपासून पूर्ण संरक्षण सांगतो आणि दुसरा ६ जोरदार फवाऱ्यापासूनचे; आयपी ६७ मधला ७ मात्र एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडण्याची चाचणी दर्शवतो. फाटकासाठी ६६ पुरेसे होते, परंतु हे मानांकन कॅमेऱ्याच्या पेटीपुरते असते आणि बाहेर लोंबणाऱ्या तारेच्या जोडाला ते लागू होत नाही, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. जोड उघडल्यावर पिना हिरवट पडलेल्या दिसल्या; म्हणजे पाणी तिथून तारेच्या वाटेने कॅमेऱ्यात शिरत होते.

मी आवरण काढून टाकले, नवा जोड जलरोधक जंक्शन बॉक्समध्ये घेतला, तार खालच्या बाजूने रबरी ग्लँडमधून, म्हणजे तारेभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून, आत नेली आणि पाणी तारेवरून ओघळून बाहेरच ठिबकावे म्हणून तिला आधी खाली झोळ दिला. कॅमेरा कोरड्या दिवशी उघडून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी बदलली व रबरी कडे नीट बसवले. त्यानंतर काच स्वच्छ राहिली आहे.