लेहच्या मॅग्नेटिक हिलला जाताय? मग एक रबरी चेंडू बरोबर घ्या

लेहला जाणाऱ्या प्रत्येकाच्या लिस्टमध्ये मॅग्नेटिक हिल, म्हणजे जिथे गाडी आपोआप चढावर जाते असं वाटतं ती जागा, असतेच. आधीच सांगते, नुसता बोर्डाजवळ फोटो काढून यायचं असेल तर पाच मिनिटांत कंटाळा येईल. पण थोडी तयारी करून गेलात तर अर्धा तास धमाल आहे.

जागा लेहपासून साधारण 30 किमीवर, कारगिलकडे जाणाऱ्या हायवेवरच आहे. फ्लाइटने आला असाल तर उतरल्या उतरल्या पळू नका, लेहच साडेअकरा हजार फुटांवर आहे, आधी दोन दिवस आराम करा, पाणी पीत राहा आणि मग याच रस्त्यावरचा गुरुद्वारा पत्थर साहिब, मॅग्नेटिक हिल आणि पुढे निमूजवळचा सिंधू-झंस्कार संगम असं एका दिवसात उरकून टाका. सकाळी लवकर निघा, नंतर गर्दी होते आणि वाराही सुटतो. जाताना गुरुद्वारात थांबा, लंगरचा गरम चहा त्या थंडीत काय लागतो!

आता मेन गोष्ट. रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्यांची चौकट आखलेली आहे, बाजूला बोर्ड आहे. गाडी त्या चौकटीत उभी करायची, न्यूट्रलमध्ये टाकायची आणि हळूच ब्रेक सोडायचा. एक-दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग गाडी सरकायला लागते, तीही समोर दिसणाऱ्या चढावर! इंजिन मात्र बंद करू नका. बरेच जण मजा म्हणून चावी फिरवतात, मग पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकही नीट लागत नाही आणि मागून आर्मीचे ट्रक येत असतात, हायवे आहे तो. म्हणून ड्रायव्हर सीटवरच हवा आणि एकाने मागचं ट्रॅफिक बघत राहायचं.

आमच्या ड्रायव्हरने अगदी सिरियस चेहऱ्याने सांगितलं की डोंगरात एवढं लोहचुंबक आहे की विमानंसुद्धा इथून उंचावरून नेतात. माझ्या मावशीने लगेच हातातलं घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं, बंद पडायला नको म्हणून :) मी काही बोलले नाही, रस्ता मोकळा बघून चेंडू ठेवला. रबराला कुठलं चुंबक ओढणार? तरी तो गाडी गेली त्याच दिशेला "वर" गडगडत गेला आणि मला त्याच्यामागे पळावं लागलं. तिथल्या हवेत वीस पावलं पळणंसुद्धा महागात पडतं, म्हणून चेंडू अडवायला एक माणूस आधीच पुढे उभा करा.

दुसरी टेस्ट बाटलीची. अर्धी भरलेली पाण्याची बाटली रस्त्याच्या लांबीत आडवी ठेवायची, आतलं पाणी ज्या टोकाला जमतं ते टोक खालचं. डोळ्यांना जो चढ दिसतो तिकडेच पाणी जमतं, म्हणजे तो चढ नाहीच, उतार आहे! फोनमधलं लेव्हल ॲपही तेच दाखवतं. जीपीएसवरची उंची बघत बसू नका, एवढ्याशा फरकात ती भरवशाची नाही.

असं का होतं, तर आजूबाजूला सगळे डोंगर तिरके, झाड नाही, घर नाही आणि खरं क्षितिज कुठेच दिसत नाही, त्यामुळे सपाट कशाला म्हणायचं तेच डोळ्यांना कळेनासं होतं आणि हलका उतार चढ वाटतो. 2003 साली इटलीतल्या संशोधकांनी टेबलावर छोटे रस्ते तयार करून हाच भास लोकांना करून दाखवला होता, तिथे तर डोंगरही नव्हता.

मावशीला बाटली दाखवली, सगळं समजावलं. घड्याळ तिने संगमावर पोचल्यावरच बाहेर काढलं.