दोषारोपपत्र हाती पडल्यावर

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार आली की बहुधा आधी कारणे दाखवा नोटीस येते, आणि 'माफी लिहून द्या, विषय मिटेल' असे सांगणारे सहकारीही लगेच भेटतात. हा सल्ला मुळीच मानू नये, कारण घाईने दिलेला माफीनामा पुढे कबुली म्हणून वाचला जाऊ शकतो. नोटीस मिळाल्याच्या तारखेसह सही करावी आणि मुदतीत लेखी खुलासा द्यावा.

दोषारोपपत्र आल्यास ते महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधील कोणत्या नियमाखाली आहे, हे प्रथम पाहावे. नियम 10 किरकोळ शिक्षेचा असून त्यात सविस्तर चौकशी होईलच असे नाही. नियम 8 खाली मात्र बडतर्फीपर्यंत मजल जाऊ शकते. दोषारोपपत्रासोबत आरोपांचा तपशील, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी असते.

सर्वांत अधिक चुका कागदपत्रांच्या बाबतीत होतात. यादीतील प्रत्येक कागद, तसेच साक्षीदारांचे पूर्वी नोंदवलेले जबाब, पाहण्यासाठी लेखी अर्ज करावा आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. तोंडी मागणीचा पुरावा उरत नाही. काशीनाथ दीक्षित यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये बडतर्फी रद्द केली, ती त्यांना जबाबांच्या व कागदपत्रांच्या प्रती नाकारल्यामुळे बचावाची वाजवी संधी मिळाली नव्हती म्हणूनच.

चौकशीत बचाव सहायक म्हणून दुसऱ्या शासकीय कर्मचाऱ्याची मदत घेता येते. वकील सहसा मिळत नाही; चौकशीत शासनाची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी स्वतः विधिज्ञ असेल, तर मात्र वकील मागता येतो. साक्षीदारांची उलटतपासणी हा आपला हक्क आहे, म्हणून रागाने गैरहजर राहू नये, नाहीतर चौकशी एकतर्फी पूर्ण होते. चौकशी अहवाल विरोधात गेला, तरी शिक्षेपूर्वी त्याची प्रत देऊन म्हणणे ऐकलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये करुणाकर प्रकरणात ठरवले आहे.

निलंबन झाल्यास निर्वाह भत्ता मिळतो. तो प्रारंभी अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका असतो आणि तीन महिन्यांनंतर, विलंबास कर्मचारी जबाबदार नसल्यास, वाढवता येतो. वाढ आपोआप झाली नाही तर अर्ज करावा.

शिक्षेविरुद्ध आधी विभागीय अपील करावे आणि त्यावरील अंतिम आदेशापासून एक वर्षाच्या आत महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे 'मॅट'मध्ये, अर्ज दाखल करावा. सहा महिन्यांत अपिलाचा निकाल न लागल्यासही तेथे जाता येते.