लांब केसांचे फाटे: ओळखावेत कसे आणि लांबी न गमावता कापावेत कसे

कमरेपर्यंत पोहोचलेल्या केसाचे टोक सुमारे पाच वर्षांचे असते. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर. त्यामुळे ७५ सेंटिमीटर लांबीच्या केसाच्या टोकाने पाच उन्हाळे आणि पाच पावसाळे काढलेले असतात, आणि आठवड्यातून दोनदा डोक्यावरून न्हाण्याची सवय असेल, तर ते पाचशेहून अधिक वेळा धुतले गेलेले असते. मुळाजवळचा भाग आणि टोक एकाच केसाचे असले तरी त्यांची प्रकृती सारखी राहत नाही. फाटे फुटतात ते या झिजेमुळे, आणि लांब केस राखणाऱ्या प्रत्येकीला त्यांना कधी ना कधी तोंड द्यावे लागते.

केसाच्या बाहेरच्या बाजूला पातळ, पारदर्शक पेशींचे थर कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. या आवरणाला क्यूटिकल म्हणतात. कौलांची मोकळी कड जशी वळचणीकडे असते, तशी या पेशींची मोकळी कड केसाच्या टोकाकडे असते. आतला गाभा केराटिन या प्रथिनाच्या उभ्या तंतूंचा असतो. घर्षणाने, उष्णतेने किंवा ब्लीचने वरची कौले झिजली, की आतले तंतू उघडे पडतात आणि टोक सुतळीसारखे उसवू लागते. त्वचाविज्ञानात याला ट्रायकोप्टायलोसिस असे नाव आहे. डोक्याच्या त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असल्यामुळे जखम भरून यावी तसा फाटा भरून येत नाही. सीरम किंवा कंडिशनर फाटलेली टोके काही काळ एकमेकांना चिकटवून ठेवते, पण पुढच्या दोन-तीन धुण्यांत ती पुन्हा मोकळी होतात. फाट्यावर खरा उपाय कात्रीचाच आहे.

प्रश्न इतकाच, की कात्री कुठे आणि किती चालवावी. पार्लरमध्ये “टोके तेवढी काढा” असे सांगून बसल्यावर चार बोटे लांबी जमिनीवर पडलेली मी पाहिली आहे, आणि ती परत यायला मला सहा महिन्यांहून अधिक काळ लागला. साधा हिशेब करून पाहावा. तीन महिन्यांत केस ३.७५ सेंटिमीटरपर्यंत वाढतात. दर तीन महिन्यांनी ५ सेंटिमीटर कापले, तर केस दर वर्षी आखूड होत जातील. दीड सेंटिमीटर कापले, तरी वाढीचा बराचसा भाग कात्रीकडेच जाईल. केस कापल्याने ते अधिक वेगाने वाढतात, हा समज खरा नाही, कारण वाढ मुळाशी होते आणि टोकाला काय चालले आहे याची मुळाला खबर नसते. म्हणून जो केस फाटला आहे तेवढाच शोधून कापावा आणि धड असलेल्या केसाला हात लावू नये, अशी पद्धत मी गेली कित्येक वर्षे पाळते. ती वेळखाऊ आहे, पण लांबी तिनेच टिकते.

फाटे ओळखणे

प्रथम कंगव्यात आलेले गुंतवळ फेकून न देता त्यातले आठ-दहा केस पांढऱ्या कागदावर सुटे करून ठेवावेत. ज्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा गोळा दिसतो, तो मुळापासून गळलेला केस असतो. दिवसाला ५० ते १०० केस असे गळणे सर्वसाधारण मानले जाते. ज्या तुकड्याला गोळा नाही आणि जो आपल्या केसांच्या मानाने आखूड आहे, तो मध्येच तुटलेला असतो. तुटलेले तुकडे अधिक दिसत असतील, तर फाट्यांकडे बरेच दिवस दुर्लक्ष झाले आहे असे समजावे. गळणाऱ्या केसांचा कात्रीशी काही संबंध नाही, त्यामुळे हा फरक आधीच समजून घेतलेला बरा.

यानंतर टोके पाहावीत. सर्वांत ओळखीचा प्रकार म्हणजे टोकाला फांदीसारखी बेचकी फुटणे. तो वेळीच कापला नाही, तर बेचकीच्या प्रत्येक फाट्याला पुन्हा फाटे फुटतात, किंवा एकाच बाजूने धागे निघून टोक पिसासारखे दिसू लागते. या सगळ्यांत भेग वर सरकत असते आणि शेवटी केस तिथे तुटतो. दुसरा प्रकार टोकाऐवजी मध्यावर आढळतो: केस सुईच्या नेढ्यासारखा मधोमध फाटतो आणि पुढे पुन्हा एक होतो. ही फट नुसत्या नजरेला चटकन दिसत नाही. बट उजेडात धरून सावकाश फिरवली, की तिथला केस किंचित जाड आणि निस्तेज भासतो.

सर्वांत फसवा प्रकार पांढऱ्या ठिपक्याचा आहे. काळ्या केसावर, बहुधा टोकापासून थोडे वर, कोंड्याच्या कणासारखा ठिपका दिसतो, पण बोटाने पुसला तरी तो जात नाही. तिथे बाहेरचे आवरण पूर्ण निघून गेलेले असते आणि आतले तंतू विस्कटलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन केरसुण्या एकमेकींत खुपसल्यासारखी ती जागा दिसते. कंगव्याचा थोडा ताणही तिला पुरतो. टोक अजून फाटलेले नाही म्हणून असा केस सोडून देण्याची चूक होते. प्रत्यक्षात तो ठिपक्याच्या वर लगेच कापायला हवा. असे ठिपके डोकेभर आणि मुळांजवळही दिसत असतील, तर मात्र कात्री बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

कुरळ्या केसांत एकाच केसाची स्वतःभोवती बसलेली बारीक गाठही आढळते. ती बोटाला खसखशीच्या दाण्यासारखी लागते. सोडवण्याच्या खटाटोपात केस गाठीपाशी झिजतो, म्हणून तीही कापलेलीच बरी.

जे कापायचे नाही तेही ओळखता आले पाहिजे. ज्या आखूड केसाचे टोक सुईसारखे निमुळते आणि गुळगुळीत आहे, तो नव्याने उगवलेला, कात्री कधीच न लागलेला केस असतो. वेणीतून असे केस इकडेतिकडे डोकावतात आणि उत्साहाच्या भरात तेच आधी कापले जातात.

कात्री आणि उजेड

या कामात साधनांवर थोडा खर्च करावा लागला तरी तो कात्रीवरच करावा. स्वयंपाकघरातली, कागदाची किंवा कापडाची कात्री केस कापताना तो दोन पात्यांमध्ये चेपते, आणि चेपलेल्या टोकाला काही आठवड्यांत पुन्हा फाटा फुटतो. केस कापण्याची पाच ते साडेपाच इंच लांबीची साधी कात्री घ्यावी आणि घरात ती दुसऱ्या कोणत्याही कामाला कोणी वापरू नये, अशा जागी ठेवावी. धारेची परीक्षा सोपी आहे: एकच केस सैल धरून त्यावर कात्री मिटावी, केस कापला न जाता पात्यांमध्ये दुमडला, तर धार गेलेली आहे. अशा कात्रीला धार लावायची असल्यास सुऱ्या-विळ्यांच्या सहाणेवर ती देऊ नये, कारण तिच्या पात्यांची कड फार नाजूक असते. केशकर्तनाची हत्यारे हाताळणाऱ्या माणसाकडेच द्यावी.

उजेड दिवसाचा हवा. खिडकीशी पाठ करून न बसता उजेड बाजूने येईल असे बसावे, आणि काळ्या केसांसाठी मांडीवर पांढरा पंचा, पिकलेल्या केसांसाठी गडद रंगाचे कापड अंथरावे. दिवेलागणीनंतर केस विंचरू नयेत असे घरातल्या मोठ्या बायका सांगत. या कामापुरते तरी ते सांगणे मला अक्षरशः पाळण्यासारखे वाटते. ट्यूबलाइटखाली पांढरा ठिपका आणि केसाची नैसर्गिक चमक यांत फरक कळत नाही, आणि डोळे लवकर शिणतात.

केस कोरडे असावेत. ओली टोके एकमेकांना चिकटतात आणि फाटे झाकले जातात. शिवाय ओला केस ताणला जातो, त्यामुळे तो वाळल्यावर आपण ठरवल्यापेक्षा आखूड कापला गेल्याचे लक्षात येते. तेल लावलेले असतानाही हीच अडचण होते. न्हाल्याच्या दुसऱ्या दिवशी, तेल न लावता, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर गुंता सोडवत जावे आणि मग काम सुरू करावे.

कापण्याच्या पद्धती

संपूर्ण डोके एका बैठकीत तपासण्याचा हट्ट धरू नये. केसांचे सहा भाग करून पाच भाग चापाने बांधून ठेवावेत आणि रोज एकच भाग वीस मिनिटे पाहावा. आठवड्याभरात सगळे केस नजरेखालून जातात. डोळे थकले की हात सैल पडतो आणि धड केस कापले जातात, म्हणून तिथेच थांबावे.

पहिली पद्धत पिळाची आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीची बट घेऊन ती विंचरावी आणि वरपासून खालपर्यंत घट्ट पीळ द्यावा. काथ्याच्या दोरीतून कुसे बाहेर येतात, तशी आखूड झालेली आणि फाटलेली टोके पिळातून बाहेर येतात. आता बाहेर आलेल्या प्रत्येक टोकाकडे पाहून, ते फाटलेले असेल तरच कापावे. पिळावरून कात्री सरसर फिरवून जे बाहेर दिसेल ते छाटण्याची पद्धत व्हिडिओंमध्ये नेहमी दिसते, पण मला ती मान्य नाही: नवे निमुळते केस, आणि पायऱ्यांचा कट असेल तर त्यातली धड टोकेही तिच्यात कापली जातात. एका दिशेने पीळ पाहून झाल्यावर तो उलगडून उलट्या दिशेने द्यावा, कारण पहिल्या वेळी आत दडलेली टोके तेव्हा वर येतात.

दुसरी पद्धत बोटांची. माझा भरवसा हिच्यावर अधिक आहे. लहानशी बट तर्जनी आणि मधल्या बोटात चपटी धरून बोटे हळूहळू खाली सरकवावीत आणि शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर उरल्यावर बट तर्जनीवरून वाकवावी. टोके पंख्यासारखी पसरतात आणि एकेक केस वेगळा दिसतो. फाटलेला केस चिमटीत धरून, जिथपर्यंत भेग दिसते त्याच्या सुमारे अर्धा सेंटिमीटर वर, केसाला काटकोनात कात्री लावावी. दिसणाऱ्या भेगेच्या थोडे वरपर्यंत केस आतून कमजोर झालेला असतो. अगदी भेगेशी कापले, तर तोच फाटा लवकर परत येतो. तिरप्या छेदाने गाभ्याचा अधिक भाग उघडा पडतो, म्हणून छेद सरळ हवा. पिसासारख्या टोकाच्या बाबतीत सर्वांत वरच्या धाग्याच्या वर कापावे.

टोकापासून वीत-दीड वीत वर, मध्यावर फाटलेल्या केसाचे काय करायचे, हा अवघड प्रश्न आहे. तो फटीच्या वर कापला, तर वेणीत एक आखूड केस तयार होतो आणि बाहेर डोकावू लागतो. तरीही मी तो कापते, कारण आज ना उद्या तो तिथेच वेडावाकडा तुटणार असतो. एका बटेत असे केस बरेच असले, तर मात्र ते सगळे एकदम न काढता दोन-तीन महिन्यांत विभागून काढावेत, म्हणजे वेणीची जाडी अचानक उतरत नाही.

फाटा बोटांनी सोलून ओढण्याची सवय अनेकींना वाचताना किंवा प्रवासात जडते. ओढताना भेग दोन-तीन सेंटिमीटर वर धावते, आणि जे काम अर्ध्या सेंटिमीटरने झाले असते त्याला कितीतरी पट लांबी द्यावी लागते. ही सवय सोडवण्याचा मला सापडलेला मार्ग म्हणजे केस मोकळे न ठेवता शेपटा अंबाड्यात खोचून टाकणे. बट पिळून ज्योतीने फाटे जाळण्याचा प्रकारही काही ठिकाणी केला जातो. तो घरी अजिबात करू नये, कारण उष्णतेने केसाचे नुकसान होते आणि भाजण्याचा धोका वेगळाच.

बटेतली निम्म्याहून अधिक टोके फाटलेली असली, किंवा वेणीचा शेवट इतका विरळ झाला असला की त्यातून पलीकडचे दिसते, तर एकेक केस शोधण्यात अर्थ नाही. तेव्हा सगळे केस एका रेषेत कापून घ्यावेत, आणि स्वतःच्या पाठीवरची रेष स्वतःला सरळ कापता येत नसल्यामुळे दुसऱ्या कोणाकडून ते करून घ्यावे. पार्लरमध्ये सांगताना “थोडेसे” हा शब्द टाळावा. किती सेंटिमीटर ते सांगावे, स्वतःच्या केसावर बोट ठेवून रेष दाखवावी आणि पहिली बट कापल्यावर आरशात पाहून मगच पुढे जाऊ द्यावे.

नवे फाटे कमी व्हावेत यासाठी दोन गोष्टींकडे आधी लक्ष द्यावे. न्हाल्यावर ओले केस पंच्याने फटकारून झटकण्याची आपल्याकडची जुनी सवय टोकांना फार महागात पडते; मऊ सुती कापडात केस गुंडाळून पाणी टिपून घ्यावे. आणि न्हाण्याआधी टोकांना खोबरेल तेल लावावे. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करणारा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला; तीनपैकी केवळ खोबरेल तेलाने केसातून निघून जाणारे प्रथिन लक्षणीयरीत्या कमी झाले. कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते हे ध्यानात ठेवूनही त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे: या तेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकते.

काम संपल्यावर तो भाग एकदा विंचरून सुटे तुकडे काढून टाकावेत, तळहातावर चोळलेले एक-दोन थेंब तेल फक्त टोकांना लावावे आणि कात्री कोरड्या कापडाने पुसून तिच्या मळसूत्रावरही थेंबभर तेल सोडावे. पुढची तपासणी पाच-सहा आठवड्यांनी केली तरी चालते. त्या वेळी फाटे एकाच उंचीवर पुन्हा आढळले, तर तिथे रोज काय घासते ते पाहावे. बहुधा वेणीचे रबर, पर्सचा पट्टा किंवा खुर्चीची पाठ नेमकी त्याच उंचीवर सापडते.