मुतखडा: प्यायलेलं पाणी नको, लघवी मोजा
एकदा मुतखडा झालेल्यांनी किती पाणी प्यायलो यापेक्षा लघवी किती झाली ते बघावं: दिवसाला निदान २.५ लिटर. विदर्भातल्या मे महिन्यात बरंच पाणी घामातच जातं, तेव्हा तांब्याचा हिशेब वाढवा. रंग फिकट पिवळा हवा. झोपतानाही पेलाभर प्या, रात्री उठावं लागलं तरी चालेल. लिंबूपाणी उत्तम, त्यातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. मीठ मात्र नको. आणि खडा कॅल्शियमचा म्हणून दूध-दही तोडू नका! जेवणातलं कॅल्शियम पालकातलं ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमशी जुळून खडा बनवणारं द्रव्य, आतड्यातच बांधून ठेवतं. तोडायचं ते लोणचं-पापड. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. कळांसोबत थंडी-ताप आला तर लगेच दवाखाना गाठा.