ब्रेस्ट इम्प्लांटनंतर एक बाजू वर, एक खाली दिसतेय? घाबरण्याआधी हे करा

पट्टी निघते, आरशासमोर उभं राहिलं की पहिल्यांदा डोळ्यात भरतं ते हेच, की दोन्ही बाजू सारख्या नाहीत. एक थोडी खाली आलीये, मऊ पडलीये, दुसरी अजून गळ्याच्या दिशेने वर चढून बसलीये आणि हात लावला तर टणक. पोटात गोळा येतो, एवढं सगळं सोसलं ते यासाठी का असं वाटतं. बहुतेक वेळा हा बरं होण्याचाच एक टप्पा असतो. पण सगळ्याच वेळा नाही, म्हणून सुरुवात धीराच्या गोष्टींनी न करता तपासणीने करूया.

पायरी १: आजच फोन करायचाय का, ते आधी ठरवा

फरक किती आहे यापेक्षा तो कसा आला ते बघा. हळूहळू दिसायला लागलेल्या फरकासाठी थांबून बघता येतं, अचानक आलेल्यासाठी नाही.

काही तासांत एकच बाजू फुगली, कातडी ताणून चकचकीत झाली, दुखणं त्याच बाजूला वाढत चाललंय आणि गोळी घेऊनही कमी होत नाही, काळं-निळं पसरतंय, तर आत रक्त साठलेलं असू शकतं. हे जास्त करून पहिल्या एक-दोन दिवसांत होतं, पण नंतर काही जड उचललं, जोर लागला तरी होऊ शकतं, आणि कधी कधी ते रक्त परत ऑपरेशन करूनच काढावं लागतं. ताप, थंडी, एका बाजूला पसरत जाणारी लाली, कातडी गरम लागणं, टाक्यांतून पू किंवा वास येणारं पाणी, ही इन्फेक्शनची लक्षणं. यातलं काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका, सर्जनला फोन करा, रात्र असली तरी. आणि श्वास लागतोय, छातीत कळ येतेय किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय तर थेट इमर्जन्सीत जा.

पायरी २: ऑपरेशनच्या आधीचे फोटो मागून घ्या

हे कुणी फारसं करत नाही आणि निम्मी काळजी तिथेच मिटण्यासारखी असते. सर्जनकडे तुमचे आधीचे फोटो असतात, ते मागा आणि शांतपणे बघा: दोन्ही निपल एका उंचीवर होते का, खालची घडी दोन्हीकडे सारखी होती का, एका बाजूच्या बरगड्या जरा पुढे आहेत का, एक खांदा उतरता आहे का. जवळजवळ प्रत्येकीचे स्तन मुळातच थोडे वेगळे असतात, फक्त आधी आपण इतकं निरखून बघत नाही. इम्प्लांटने आकार वाढतो, त्यामुळे तो जुना फरकही कधी कधी जास्त उठून दिसतो.

बाकीची कारणं बरं होण्यातलीच. तुम्ही उजव्या हाताने कामं करत असाल तर उजव्या बाजूचा छातीचा स्नायू जास्त वापरला जातो, मग तिकडची सूज उशिरा उतरू शकते आणि इम्प्लांटही उशिरा खाली येतं, डावखुऱ्या बायकांचं उलट. इम्प्लांट स्नायूखाली ठेवलं असेल तर तो स्नायू सुरुवातीला आखडलेला असतो आणि इम्प्लांटला वर दाबून धरतो, तो सैल पडतो तसं ते खाली उतरतं आणि खालचा भाग भरायला लागतो, पण दोन्ही बाजू एकाच दिवशी सैल पडतील असं काही नसतं. एका बाजूला जास्त काम करावं लागलं असेल, वेगळ्या साइजचं इम्प्लांट घातलं असेल, तरीही दोन्हीकडचा वेग वेगळा राहतो. एका बाजूला बधिरपणा आणि दुसरीकडे मुंग्या, हेही चालतं, नसा आपापल्या गतीने जाग्या होतात.

पायरी ३: रोज आरसा नको, आठवड्यातून एक फोटो

रोज बघून डोळ्यांना बदल कळत नाही, नुसती धास्ती वाढते. आठवड्यातला एक वार ठरवा. उजेड समोरून हवा, बाजूच्या खिडकीतून आला तर एका बाजूखाली सावली पडते आणि ती उगाच मोठी दिसते. फोन हातात धरून काढू नका, हात वर गेला की ती बाजू उचलली जाते आणि कॅमेऱ्याच्या जवळची बाजू फुगीर येते. फोन छातीच्या उंचीवर टेकवा, चार-पाच फूट लांब, टायमर लावा, दोन्ही हात खाली सोडा, एक समोरून आणि एकेक दोन्ही बाजूंनी. सेल्फी कॅमेऱ्यात काही फोन डावं-उजवं उलटं करतात, म्हणून मागचाच कॅमेरा वापरा. तपासणीला जाताना हे फोटो घेऊन जा, "मला वाकडं वाटतंय" यापेक्षा सर्जनला त्यातून खूप जास्त कळतं.

पायरी ४: बरं होताना काय सांभाळायचं

पाठीवर झोपा, डोक्याकडची बाजू उशा लावून उंच ठेवा, कुशीवर आणि पोटावर झोपणं सर्जन हो म्हणेपर्यंत बंद. जड उचलणं, ढकलणं, खांद्याच्या वर हात नेऊन काहीतरी ओढून काढणं, हे सगळं दुसऱ्या कुणाला सांगा, लहान बाळाला उचलणंही यातच आलं आणि ते सगळ्यात कठीण जातं, मला कल्पना आहे, पण काही आठवडे बाळाला कुणीतरी तुमच्या मांडीवर आणून द्यायचं. सर्जिकल ब्रा सांगितलंय तितके दिवस घाला, तारेची ब्रा सर्जन परवानगी देईपर्यंत नको. सिगारेट, तंबाखू पूर्ण बंद, जखम भरायला रक्तपुरवठा लागतो आणि निकोटिन नेमका तोच कमी करतं.

आता मसाज आणि वरून बांधायचा पट्टा. मैत्रिणीला सांगितला म्हणून तुम्ही करू नका. काही इम्प्लांटना मसाज सांगतात, पण खरखरीत पृष्ठभागाची किंवा थेंबाच्या आकाराची इम्प्लांट जागेवर स्थिर राहायला हवी असतात, ती फिरली तर आकारच बिघडतो. पट्टाही एकाच बाजूला लावायला सांगितला असेल तर एकाच बाजूला. बधिर कातडीवर गरम पाण्याची पिशवी किंवा बर्फ थेट ठेवू नका, भाजलेलं कळतही नाही.

पायरी ५: किती थांबायचं

पहिले ६ आठवडे आकारावरून काहीच ठरवू नका. साधारण ३ महिन्यांत बरंचसं खाली येऊन मऊ पडतं, पण खरा आकार कळायला ६ महिने ते वर्ष लागू शकतं, म्हणूनच सर्जन दुरुस्तीच्या ऑपरेशनची घाई करत नाहीत. तेवढ्यानंतरही फरक तसाच राहिला तर मोकळेपणाने विचारा, आणि दुरुस्ती करणार असाल तर दुसऱ्या सर्जनचं मतही घ्या, त्यात कुणाचा अपमान नाही.

सगळं नीट बसल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी बदल झाला तर मात्र थांबायचं नाही. एक बाजू घट्ट होत वर ओढली जातेय, दुखतेय, तर शरीराने इम्प्लांटभोवती तयार केलेलं आवरण आवळत असू शकतं. सलाईनचं इम्प्लांट फुटलं तर ती बाजू थोड्या दिवसांत बसते, सिलिकॉनचं फुटलं तर बाहेरून काहीच न दिसण्याची शक्यता असते, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) सिलिकॉनसाठी ५-६ वर्षांनी पहिला एमआरआय किंवा अल्ट्रासाउंड आणि मग दर २-३ वर्षांनी तपासणी सुचवलीये. वर्षानंतर कधीही एकाच बाजूला सूज किंवा पाणी भरलं तर तपासून घ्याच, कारण खरखरीत इम्प्लांटशी जोडलेला एक दुर्मीळ लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर) अशी सूज घेऊन येतो, त्याच कारणाने २०१९ मध्ये एका कंपनीची खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवली गेली. इम्प्लांटचं कार्ड मिळालं असेल, ज्यावर कंपनी, प्रकार आणि नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा, नसेल मिळालं तर पुढच्या तपासणीला मागून घ्या.