उंची-वजनाची वही कशी ठेवावी

आमच्या मुलीच्या पाचव्या गुणसूत्राचा तुकडा कमी आहे. 'क्री द्यू शा' म्हणतात. अशी मुलं बहुधा लहानखुरीच राहतात. शेजारच्या बाळाशी तुलना सोडा, तिची तिच्याशीच करा.

दोन वर्षांखालचं बाळ झोपवूनच मोजायचं. डोकं भिंतीला टेकवा, गुडघे हलकेच सरळ करा, तळव्यांना जाड पुस्तक उभं लावून खूण करा. मोजायला दोन माणसं लागतातच. (आमच्याकडे सासूबाई डोकं धरतात आणि बडबडगीत म्हणतात, नाहीतर बाईसाहेब स्थिर राहतच नाहीत.) पुढे उभं करून मोजायला लागलात की उंची साधारण 0.7 सेंमी कमी भरते; घाबरू नका, पण वहीत 'झोपून' की 'उभी' ते लिहा. वजन लंगोट काढून, दर वेळी त्याच काट्यावर.

या आजाराचे वाढीचे वेगळे तक्ते असतात, ते डॉक्टरांकडे मागा. रेघ सपाट झाली तर "गुणसूत्राचंच आहे" एवढ्यावर गप्प बसू नका. थायरॉइड, हृदय तपासायला सांगा. घास वाढवण्यापेक्षा आहेत तेच कसदार करा: मऊ भातात तूप, नाचणीच्या खिरीत साय. जेवताना ठसका लागत असेल तर मात्र आधी गिळण्याची तपासणी.